चहाची गाडी बंद

२० मार्च २०२०, शुक्रवार

आज रुग्णालयानं प्रत्येक कर्मचाऱ्याला एकेक वही वाटली. मुखपृष्ठावर इंद्रधनुष्य आहे आणि आत लिहिलंय, ‘मनातलं लिहून काढा, हलकं वाटेल.’ मास्क अजून आलेले नाहीत, वह्या आल्या. ही तक्रार नाही, नुसती नोंद.

दिवस चांगला गेला. संसर्ग समितीनं माझं परिपत्रक एकमतानं मंजूर केलं. उद्यापासून वॉर्डांतली चहाची गाडी बंद. एक किटली, एक दुधाचं भांडं, एक साखरेचा डबा आणि त्या सगळ्यांना ढकलत फिरणारी एक बाई, दिवसातून सात वेळा, अठ्ठावीस खाटा. परिपत्रकात मी ‘फिरतं संसर्गकेंद्र’ असं लिहिलं होतं. आमचे संचालक जेराल्ड पिनॉक म्हणाले, “शब्द जमलाय, बेव्हर्ली.” अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझा एखादा शब्द मोठ्यानं वाचला. रुग्ण-अनुभव विभागाची मी उपप्रमुख आहे. प्रमुखाची जागा तीन वर्षं रिकामी आहे, म्हणजे तसं सगळं मीच बघते.

चहाऐवजी प्रत्येक खाटेपाशी रोज पाण्याच्या तीन सीलबंद बाटल्या. स्वच्छ, आणि मोजता येण्याजोगं.

डोरीनला सांगायला स्वतः गेले. ईमेल पाठवणं बरं दिसलं नसतं. ती आमच्याच गल्लीतली. लहानपणी मी तिला डोरीनमावशी म्हणायचे, रुग्णालयात आल्यापासून नुसतं डोरीन म्हणते. सहा नंबर वॉर्डात तिची दुपारची फेरी चालू होती. एका म्हातारबाबांनी हात हलवून नको म्हटलं. ती तिथंच उभी राहिली. “साखर एक की दोन?” बाबा म्हणाले, “दोन.” आणि प्यायले.

“नको म्हणाले होते ते,” मी म्हटलं.

“सगळेच म्हणतात. ‘हवा का’ असं विचारायचंच नसतं गं. हवा का म्हटलं की आपली माणसं नको म्हणतात. एक की दोन, असं विचारायचं.”

मी परिपत्रक दिलं. तिनं चष्मा कपाळावरून खाली ओढून वाचलं.

“मग माझी माणसं पिणार काय?”

“पाणी, डोरीन.”

“पाणी?” मी जणू रॉकेल म्हणाले होते. “पाणी झाडांना घालतात.”

कलम चार तिनं दोनदा वाचलं. रुग्णांच्या खाण्यापिण्याबद्दल किंवा लघवीबद्दल बिगर-वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी बोलू अथवा लिहू नये, असं ते कलम आहे. डोरीनची ती सवयच होती. नर्सला हाक मारून सांगायची, आजही सांगितलंच, “नऊ नंबर सकाळपासून संडासकडे गेलेला नाही हो!” ते मला नेहमीच असभ्य वाटायचं.

तिची बदली मोटारींच्या तळावर केली आहे. मोकळी हवा मिळेल.

२६ मार्च, गुरुवार

रात्री आठ वाजता सगळा देश दारात उभा राहून आमच्यासाठी टाळ्या वाजवत होता. बाबांच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे मी उभी होते. आत जायची सोय नाही. बाबा, म्हणजे विल्फ ओल्डरॉयड, वय अठ्ठ्याहत्तर, कापडगिरणीत चाळीस वर्षं मागांचे मिस्त्री. ते पातेल्याच्या झाकणावर लाकडी चमचा बडवत होते. मध्येच थांबले आणि खोकले.

“बाबा, खोकला कसला?”

“काही नाही गं. घसा खवखवतोय. मी छान आहे.”

दारात लोकरीची टोपी घातलेली किटली होती. दिवसाला अकरा कप पितात. आयुष्यात मी त्यांना साधं पाणी पिताना बघितलेलं नाही.

२ एप्रिल, गुरुवार

बाबांना दाखल केलं. सहा नंबर वॉर्ड, खाट दहा. ऑक्सिजन लावलाय.

मी दोन मजले खाली बसते. जिन्यानं गेले तर चाळीस पायऱ्या. जाता येत नाही; नातेवाईकांना बंदी आहे आणि कर्मचाऱ्यांनी नातेवाईक म्हणून जाऊ नये, असं बारा नंबरच्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलं आहे. स्पष्ट लिहिलं आहे, कारण मी लिहिलं आहे.

फोनवर म्हणाले, “सगळं छान आहे पोरी. नर्सबाई बिचाऱ्या नुसत्या धावताहेत. त्यांना कशाला उगीच त्रास द्यायचा?”

शेजारी नऊ नंबरला अर्नेस्ट क्लेग म्हणून कोणी सुतार आहेत. दोघांना खोकल्यातून जमतं तेवढं क्रिकेट बोलता येतं. माझ्या मनाला बरं वाटलं.

६ एप्रिल, सोमवार

रोज तीन बैठका. तिन्हींत फक्त श्वास देणाऱ्या यंत्रांचा विषय. गावातल्या धुलाईयंत्रांच्या कारखान्यानं आपण श्वासयंत्रं बनवू असं कळवलंय. जेराल्डनी त्यांचं पत्र दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा उभं राहून.

माझा अहवाल हिरवा होता. ‘पिण्याच्या पाण्याचा साठा : अत्युत्तम. पुरवलेल्या बाटल्यांपैकी एक्याण्णव टक्के शिल्लक.’ इतर सगळ्या विभागांचे लाल. जेराल्ड म्हणाले, “बघा, नियोजन याला म्हणतात.” मी खाली बघितलं, पण खूश होते. लिहून टाकते, ही वही माझीच आहे.

मग मूत्रपिंडांच्या डॉक्टर, मॉर्वेना पेंगेली, न बोलावता आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

“सहा आणि सात नंबर वॉर्डांत मिळून नऊ जणांची मूत्रपिंडं बसली आहेत. डायलिसिसची यंत्रं माझ्याकडे चार आहेत.”

जेराल्ड म्हणाले, “पण डॉक्टर, हा आजार फुप्फुसांचा आहे ना?”

“हो. पण मूत्रपिंडांना तुमचं परिपत्रक पोचलेलं दिसत नाही.”

कुणी हसलं नाही. त्या पुढं म्हणाल्या, “काही जणांची विषाणूनंच खराब केली आहेत, तिथं माझा इलाज तोकडा आहे. पण काही जण नुसते कोरडे पडलेत. अंगात ताप, मिनिटाला तीस श्वास, फुप्फुसं भिजू नयेत म्हणून सलाईन कमी, आणि वर तोंडानंही काही जात नाहीये. का जात नाहीये, हे कुणी मला सांगेल का?”

जेराल्डनी त्यांना रोजच्या तक्त्यात भरून द्यायला सांगितलं. तक्त्यात मूत्रपिंडांसाठी ओळ नाही. ओळ घालायला उपसमिती लागते.

मी इतिवृत्तात लिहिलं, ‘मूत्रपिंडांचा विषय नोंदवला. पुढील आठवड्यात.’

८ एप्रिल, बुधवार

बाबांचा आवाज जड येतोय. जीभ टाळ्याला चिकटल्यासारखी.

“पाणी पिताय ना?”

“आहेत की इथं बाटल्या. बऱ्याच आहेत. छान आहेत बाटल्या.”

“आणि जेवण?”

“आलं होतं.” मग थोडा वेळ नुसता श्वास. “चहा यायचाय अजून. आज उशीर झालाय. गडबडीत असतील.”

“हो ना, फार गडबड आहे,” मी म्हटलं.

“डोरीन दिसली नाही. बरी आहे ना ती?”

“बरी आहे. मोकळ्या हवेत आहे.”

“मग झालं तर.”

बोलणं व्यवस्थित होतं म्हणून मी निश्चिंत झाले. झोपण्याआधी मात्र ‘आज उशीर झालाय’ हे उगीच आठवत राहिलं. त्यांना दाखल होऊन सहा दिवस झाले.

१० एप्रिल, गुड फ्रायडे

सकाळी डॉ. पेंगेलींचा फोन. त्या गोड करून सांगत नाहीत.

“तुमच्या वडिलांना कालपासून पाऊण कपभर लघवी झाली आहे. रंग कडक कोऱ्या चहासारखा. रक्तातले आकडे तीन दिवसांत चौपट. असंच राहिलं तर रविवारी यंत्र लावावं लागेल, आणि यंत्रापुढे आठ जणांची रांग आहे. ते सहावे.”

“पण ते म्हणतात की छान आहेत.”

“सगळा वॉर्ड छान आहे. मरताना सुद्धा छान असतात इथली माणसं. माफ करा. एक सांगा. खाटेच्या पायाशी तक्ता असतो ना, काय प्यायलं आणि किती गेलं त्याचा? त्यातला ‘प्यायले’ हा रकाना एकवीस मार्चपासून कोरा आहे. सगळ्यांचाच. त्याआधी व्यवस्थित भरलेला दिसतो, बोथट पेन्सिलीनं. नर्स मंडळी पेननं लिहितात. ही पेन्सिल कुणाची?”

मला पेन्सिल माहीत होती. डोरीनच्या एप्रनच्या खिशात असायची, सुतळीनं बांधलेली.

मी “चौकशी करते” असं म्हणाले. खरंच असं म्हणाले.

डोरीन मोटारींच्या तळावर पिवळा अंगरखा घालून उभी होती. तळ रिकामा. टाळेबंदीत येणार कोण? ती दोन रिकाम्या ओळींच्या मधोमध उभी राहून न येणाऱ्या मोटारींना दिशा दाखवत होती.

मी सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“झाकण उघडता येतं का तुझ्या बापाला?”

बाबांची बोटं संधिवातानं वाकडी आहेत, मी स्वतः त्यांच्या मुरंब्याच्या बरण्या उघडून ठेवते. बाटल्यांचं सील मी निवडलं होतं. दोन प्रकार होते. त्यातला घट्ट तो घेतला.

“बरं, तो कुणाला सांगेल का, उघडून द्या म्हणून?”

“नाही.”

“नाहीच सांगणार. मागणं म्हणजे त्रास देणं. त्याच्या आईनं तसंच वाढवलं त्याला, माझ्या आईनं मला, आणि त्यानं तुला. अगं, चहा मागावा लागत नव्हता, बेव्ह. चहा येत होता. आणि आलेल्याला नाही म्हणणं वाईट दिसतं. म्हणून पीत होते सगळे.” तिनं शिटी खिशात टाकली. “आठ दिवस वाट बघत बसला असेल तो. आणि घड्याळ बघून म्हणाला असेल, आज जरा उशीर झालाय.”

मी तिथंच, अपंगांच्या मोटारींसाठी राखून ठेवलेल्या जागेत, खाली बसले.

“ऊठ,” डोरीन म्हणाली. “रडायचं नंतर. किटली कुठं ठेवलीय ते सांग.”

तोच दिवस, संध्याकाळ

परिपत्रक काढायला मला एक सकाळ लागली होती. मागं घ्यायला दोन सह्या, एक उपसमिती आणि पुढची बैठक लागते, आणि ईस्टरमुळे पुढची बैठक मंगळवारी. मी जेराल्डना घरी फोन केला. मागे कोंबडी भाजल्याचा चुरचुर आवाज येत होता.

“रद्द केलं तर असं दिसेल की चूक होती.”

“होती.”

“बेव्हर्ली, आपण थकलोय सगळे.”

“माझे वडील दहा नंबरला आहेत, जेराल्ड. मंगळवारपर्यंत ते नसतील. चूक माझी होती असं लिहून देते. माझ्या एकटीच्या सहीनं.”

चुरचुर थांबली. मग ते म्हणाले, “रद्द नको. ‘टप्पा दोन’ म्हणू या. प्रायोगिक तत्त्वावर.”

तर चहाची गाडी उद्यापासून ‘द्रवपान सुधार उपक्रम, टप्पा दोन’ आहे आणि डोरीन ‘द्रवपान सहायक’. त्यासाठी तिला संगणकावर चाळीस मिनिटांचं प्रशिक्षण घ्यावं लागलं : गरम पेय सुरक्षितपणे कसं ओतावं. प्रश्नावली मी तयार केलेली. तिला दहापैकी सहा गुण पडले. उत्तीर्ण व्हायला सात लागतात. मी एक गुण वाढवला. माझ्या नोकरीतला हा पहिला गैरव्यवहार.

११ एप्रिल, शनिवार

डोरीन डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये. कोण आहे हे कळावं म्हणून छातीवर जाड काळ्या अक्षरांत लिहून घेतलं. नाव नाही, ‘चहा’. कागदी कप, प्रत्येक कपानंतर नवे हातमोजे. डॉ. पेंगेलींनी प्रत्येक खाटेमागे किती कप चालतील ते ठरवून दिलं, जास्त झालं तरी धोका. बाबांना सलाईनही लावलं, थेंबाथेंबानं.

फेरी झाल्यावर डोरीननं जिन्याच्या दारातून हाक मारून सांगितलं.

“मला बघून म्हणतो कसा, ‘आधी अर्नेस्टला दे, त्याला माझ्यापेक्षा गरज आहे.’ मी म्हटलं, ‘विल्फ ओल्डरॉयड, गप पी, नाहीतर नाकातून घालीन.’ मानेखाली हात घालून पाजला. अर्धा कप. ओठ फुटलेत त्याचे.”

“आणि क्लेग?”

“त्याला यंत्रावर नेलाय सकाळीच. दोन साखरा घेतो तो. वीस तारखेला म्हणालेच होते मी, संडासला गेला नाही म्हणून.”

तेव्हा मला कळलं की त्या शेवटच्या फेरीत हात हलवून नको म्हणणारे म्हातारबाबा म्हणजे क्लेगच होते. ते तेव्हापासून इथं होते. आधी मोडलेल्या पायासाठी, मग तापासाठी.

१२ एप्रिल, ईस्टर

आज पहाटेपासून दुपारपर्यंत माझ्या वडिलांना चारशे मिलिलिटर लघवी झाली.

लग्न ठरलं तेव्हा, नोकरी लागली तेव्हा, घटस्फोट झाला तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. सात नंबरच्या घरात राहणाऱ्या अनोळखी शेजारणीला मी रस्त्यापलीकडून ओरडून सांगितलं. ती म्हणाली, “वा, छान!” आणि दार लावून घेतलं.

यंत्राच्या रांगेतून बाबांचं नाव काढलं.

१४ एप्रिल, मंगळवार

अर्नेस्ट क्लेग सकाळी गेले. डायलिसिसच्या यंत्राच्या जाळीत रक्त गोठत राहिलं, तीनदा बदलली.

मी डॉ. पेंगेलींना विचारलं, की तहानेनं का. त्या म्हणाल्या, “विषाणूनं की तहानेनं, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. दोन्हींनी.” जेराल्ड तिथंच होते. ते म्हणाले, “म्हणजे निश्चित असं काही नाही.” आणि त्यांना बरं वाटल्याचं दिसलं. माझंही मन क्षणभर तिकडेच गेलं होतं.

गेलेल्या रुग्णांचं सामान बांधून घरी पाठवणं हे आमच्या विभागाचं काम. चष्मा, दाढीचं सामान, सुताराची चपटी पेन्सिल. उशाशी पाण्याच्या एकोणतीस बाटल्या. सीलबंद. कुणीतरी त्या फार नीट रांगेत लावल्या होत्या. बहुधा त्यांनीच.

जेराल्ड म्हणाले, “बाटल्या यादीत नकोत. त्या रुग्णालयाच्या मालकीच्या.”

यादी मी अजून पाठवलेली नाही.

७ मे, गुरुवार

बाबा घरी आले. जाताना कर्मचाऱ्यांनी दोन्ही बाजूंना उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं मागून कुणीतरी मोठा माणूस येतोय. खुर्ची बाजूला घ्या, म्हणाले. मूत्रपिंडं निम्म्यानं चालतात. तक्ता भरायचा आहे, रोज.

खिडकीच्या बाहेर उभी राहून विचारलं, “आज किती प्यायलात?”

“छान प्यायलो.”

“छान हे माप नाही, बाबा.”

मग मी सांगितलं. गाडी कुणी बंद केली ते, बाटल्यांचं, झाकणांचं. काचेतून मोठ्यानं बोलावं लागत होतं, अर्ध्या गल्लीनं ऐकलं असेल. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

“अर्नेस्टची झाकणं उघडून द्या, असं मी नर्सबाईंना सांगायला हवं होतं,” म्हणाले. “मला वाटलं, त्याला तहान नाही. त्याला वाटलं, मला नाही.”

मला माफ केलं की नाही, ते बोलले नाहीत. चार कप, असं सांगितलं. मी लिहून घेतलं.

१९ मे, मंगळवार

‘द्रवपान सुधार उपक्रमा’ला विभागीय पुरस्कार मिळतोय. ‘ही कल्पना आपल्याला कशी सुचली?’ यावर दोनशे शब्द हवेत.

मी लिहिलं, ‘ही कल्पना डोरीन सग्डेन यांची, चौतीस वर्षांपासूनची. बंद करण्याची कल्पना माझी.’

जेराल्डचं उत्तर दहा मिनिटांत आलं : ‘उत्तम. फक्त दुसरं वाक्य काढू.’

मग मी तीच दोन वाक्यं क्लेग यांच्या मुलीला लिहिलेल्या पत्रात घातली आणि सामानाची यादी जोडली. शेवटची नोंद : पाण्याच्या बाटल्या, न उघडलेल्या, एकोणतीस. टपालपेटीत टाकल्यावर हात आत घालून पत्र परत काढता येतं का बघितलं. येत नाही.

२ जून, मंगळवार

ग्वेन क्लेग यांचं उत्तर आलं. छोटं कार्ड, पुढच्या बाजूला पक्षी.

‘सामान पोचलं. एवढ्या गडबडीत तुम्हाला लिहायचा त्रास पडला, त्याबद्दल माफ करा. बाबांनी सगळे फार छान आहेत असंच कळवलं होतं. मी ठीक आहे.’

कार्ड तीनदा वाचलं. मला शिवी हवी होती. तक्रार आली असती तर तक्रारीचा अर्ज आहे, क्रमांक आहे, अठ्ठावीस दिवसांची मुदत आहे. याला काय करायचं याचं परिपत्रक नाही.

तळमजल्यावर गाडी उभी होती. डोरीननं कार्ड वाचलं, चष्मा परत कपाळावर ढकलला.

“मावशी, ती म्हणते ती ठीक आहे.”

“मग? जाणार आहेस ना?”

६ जून, शनिवार

आता अंगणात भेटता येतं. टेकडीच्या पलीकडे क्लेग यांचं घर, दारात अर्धवट रंधा मारलेली फळी भिंतीला टेकवून ठेवलेली. ग्वेन माझ्याच वयाची. लाल डोळे, नीट विंचरलेले केस.

मी नाव सांगितलं. तिला कळलं. दाराची कडी धरून राहिली.

“तुम्ही कशाला एवढा त्रास घेतलात?” ती म्हणाली. “खरंच, मी ठीक आहे. काही नको मला.”

मी पायरीवर दोन कागदी कप ठेवले, दोन मीटर मागं सरकले आणि थर्मासचं झाकण फिरवलं.

“साखर एक की दोन?”

ती कडी सोडून पायरीवर बसली.

“दोन,” ती म्हणाली.